ज्या माणसानं हवामानाचा अंदाज सांगायला सुरुवात केली, त्यालाच लोकांनी हसण्यावारी नेलं

हवामान खात्यावर जोक मारणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. खात्यानं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची आणि कोरडं हवामान सांगितलं की रेनकोट घालूनच बाहेर पडायचं, हे आपल्याकडं आज्जीपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

पण एक गोष्ट मान्य करायला लागते. जोक मारायला आधी अंदाज लागतो. आणि अंदाज सांगायची हिंमत सगळ्यात आधी कुणीतरी करायला लागते.

इंग्लंडात हिवाळ्यात टीव्ही लावला की दर तासाला एकच सूर ऐकू येतो. येत्या दोन दिवसांत स्कॉटलंडच्या डोंगरात बर्फ, आयर्लंडकडून पाऊस, पूर्व किनाऱ्यावर बोचरं वारं आणि दक्षिणेत रात्री पाणी गोठेल अशी थंडी. देशाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचा पुढच्या दोन दिवसांचा हिशोब एका ओळीत सांगायचा आणि तो सकाळच्या पेपरात छापायचा, ही पद्धत सुरू होऊन १६० वर्षं उलटून गेली. ती सुरू केली एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यानं.

त्याचं नाव रॉबर्ट फिट्झरॉय.

हे नाव ऐकल्यासारखं वाटत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे. चार्ल्स डार्विन ज्या बीगल जहाजातून जग फिरला, त्या जहाजाचा कॅप्टन हाच. शाळेच्या पुस्तकात डार्विन मोठा झाला आणि कॅप्टन एका ओळीत उरकला. त्या कॅप्टनचं पुढं काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही.

गडी होता राजघराण्यातला. फिट्झरॉय या आडनावाचा अर्थच राजाचा मुलगा असा होतो, कारण हे घराणं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या अनौरस मुलापासून सुरू झालं. आजोबा ड्यूक ऑफ ग्राफ्टन, जे एकेकाळी ब्रिटनचे पंतप्रधान होते. वडील जनरल. आईचा सावत्र भाऊ लॉर्ड कॅसलरे, म्हणजे नेपोलियनच्या काळातला ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री. अशा घरात ५ जुलै १८०५ ला रॉबर्ट जन्मला.

वयाच्या बाराव्या वर्षी त्याला पोर्ट्समथच्या नौदल कॉलेजात घातलं. पोरगं हुशार निघालं. १८२४ मध्ये लेफ्टनंटच्या परीक्षेत त्यानं पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

पण त्याच्या आधी घरात एक वाईट घटना घडून गेली होती. १८२२ मध्ये मामानं, म्हणजे कॅसलरेनं, मानसिक तोल ढासळल्यावर आत्महत्या केली. रॉबर्ट तेव्हा सतरा वर्षांचा होता. आपल्या रक्तातच हे आहे की काय, ही भीती तेव्हापासून त्याच्या मनात बसली ती कायमची.

त्यात भर म्हणजे त्याला पहिलं जहाज मिळालं तेही तसंच.

१८२८ मध्ये बीगल जहाज दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला किनाऱ्याचे नकाशे काढत होतं. थंडी, धुकं, पाऊस, बर्फाचं वारं आणि महिनोन्महिने दुसरं माणूस नाही. कॅप्टन प्रिंगल स्टोक्स या एकटेपणानं खचला आणि त्यानं तिथंच आपलं आयुष्य संपवलं. त्याच्या जागी कुणाला तरी पाठवायचं होतं. डिसेंबर १८२८ मध्ये २३ वर्षांच्या फिट्झरॉयला जहाज देण्यात आलं.

आणि महिन्या-दीड महिन्यातच ती घटना घडली जी त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरली.

जानेवारी १८२९ चा शेवट. बीगल आजच्या उरुग्वेजवळ माल्दोनादोच्या किनाऱ्यापाशी होतं. जहाजावरच्या बॅरोमीटरमधला पारा खाली उतरत चालला होता.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडं बातम्यांत पारा घसरला म्हणतात तो थर्मामीटरचा पारा, म्हणजे थंडी वाढली. बॅरोमीटरचा पारा वेगळा. तो हवेचा दाब दाखवतो. दाब झपाट्यानं उतरला याचा अर्थ जवळपास कुठंतरी मोठी भानगड शिजतेय.

फिट्झरॉयनं पारा पाहिला, पण मनावर घेतलं नाही. त्या भागात पॅम्पेरो नावाचं वादळी वारं जमिनीवरून अचानक झेप घेतं. ते आलं आणि जहाज आडवं व्हायची वेळ आली. वरच्या डोलकाठ्या मोडल्या आणि दोन खलाशी समुद्रात वाहून गेले.

जहाज कसंबसं वाचलं. पण यंत्रानं आधी सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. नौदलात त्या काळी माणसं मरणं ही रोजची गोष्ट होती, दुसरा कुणी असता तर विसरून गेला असता. याला ते जमलं नाही.

बीगलची दुसरी सफर २७ डिसेंबर १८३१ ला प्लिमथहून निघाली. मामाचं झालेलं आणि आधीच्या कॅप्टनचं झालेलं त्याला आठवत होतं, म्हणून एवढ्या लांबच्या प्रवासात बरोबरीनं बसून जेवणारा, गप्पा मारणारा एखादा शिकलेला सोबती पाहिजे असं त्यानं ठरवलं. असा सोबती म्हणून आला २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन. फिट्झरॉयचा चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या शास्त्रावर विश्वास होता आणि डार्विनचं नाक बघून त्याला वाटलं होतं की या माणसात दम नाही. नशीब, नाकावरून निकाल लावला नाही.

पाच वर्षं दोघं एका टेबलावर जेवले. कॅप्टनचा राग भयंकर होता. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मालकासमोर उभं करून गुलामांना विचारलं तर ते खरं उत्तर कसं देतील, असा डार्विनचा मुद्दा होता. कॅप्टन इतका भडकला की आता एकत्र राहणं शक्य नाही इथपर्यंत गोष्ट गेली, आणि काही तासांत त्यानंच माफी मागितली. माणूस असाच होता. पटकन पेटायचा आणि तितक्याच लवकर स्वतःला दोष द्यायचा.

हवामानाच्या दृष्टीनं या सफरीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे वाऱ्याचा जोर आकड्यांत मोजायची ब्यूफोर्ट मोजपट्टी अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती याच सफरीत. दुसरी म्हणजे दिवसातून अनेकदा दाब, तापमान, वारं आणि आकाश यांची नोंद ठेवायची सवय. दोन खलाशी गमावलेला कॅप्टन आता पाऱ्याकडं दुर्लक्ष करणार नव्हता. पुढच्या जवळपास पाच वर्षांत जगातल्या सगळ्यात वाईट समुद्रांतून त्यानं ते छोटं जहाज सुखरूप परत आणलं.

ऑक्टोबर १८३६ मध्ये परत आल्यावर लग्न झालं, रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, तो खासदारही झाला. मग १८४३ मध्ये त्याला न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून पाठवलं. तिथं गोरे वसाहतवाले आणि माओरी यांच्यात जमिनीवरून रक्तपात होऊन गेला होता. फिट्झरॉयनं चौकशी केली आणि चूक आपल्याच लोकांची होती असं जाहीर सांगून टाकलं. वसाहतवाले खवळले. त्यात तिजोरी रिकामी, सैन्य तुटपुंजं. दोन वर्षांतच त्याला परत बोलावलं.

१८५२ मध्ये बायको वारली. चाळिशी उलटलेला, नोकरी नसलेला, घरचा पैसा सरकारी कामांत घालून बसलेला असा हा अधिकारी.

आणि मग त्याला एक अगदी साधी नोकरी मिळाली.

१८५४ मध्ये ब्रिटनच्या व्यापार मंडळानं हवामानाची आकडेवारी गोळा करायला एक छोटं खातं काढलं. हेच आजचं मेट ऑफिस. काम काय, तर जहाजांना यंत्रं द्यायची, ती परत आली की त्यांच्या नोंदी घ्यायच्या आणि तक्ते बनवायचे. हाताखाली तीन-चार माणसं. अंदाज वगैरे सांगा असं कुणी सांगितलं नव्हतं. उलट उद्याचं हवामान सांगता येतं असं कुणी म्हटलं की त्याला पंचांगवाल्या ज्योतिषांच्या रांगेत बसवायचे. त्याच वर्षी एका खासदारानं संसदेत बोलताना म्हटलं होतं की पुढं कधीतरी लंडनचं हवामान चोवीस तास आधी कळेल, तर सभागृहात हशा पिकला.

फिट्झरॉयनं तक्ते केले, पण त्याचं लक्ष दुसरीकडं होतं. त्या काळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर दरवर्षी शेकडो जहाजं फुटायची. मरायची ती गरीब माणसं. मासेमार आणि कोळसा वाहणाऱ्या होड्यांवरचे खलाशी. त्यानं गरीब मासेमार बंदरांत मोठाले, साधे, भक्कम बॅरोमीटर बसवायला सुरुवात केली. समुद्रात जायच्या आधी येताजाता पारा बघता यावा एवढाच हेतू. सोबत वाचायला सोपे नियम लिहून दिले.

त्या नियमांतली एक गोष्ट हिवाळ्यासाठी फार कामाची आहे. पारा चढला की साधारणपणे हवा कोरडी आणि थंड होणार, उतरला की ओली आणि उबदार होणार. पण उत्तरेकडून पाऊस, गारा किंवा बर्फ घेऊन येणारं वारं या नियमाला अपवाद असतं. म्हणजे पारा चढतोय म्हणून निवांत बसाल आणि वरून बर्फ पडेल. नुसता पारा बघून भागत नाही, वारं कुठून येतंय आणि थर्मामीटर काय म्हणतोय तेही बघायला लागतं, हे तो मासेमारांना सांगत होता.

मग आलं १८५९ चं ते वादळ.

रॉयल चार्टर नावाचं जहाज ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून लिव्हरपूलला येत होतं. त्यावर सोन्याच्या खाणींत नशीब काढून परतणारी माणसं होती, त्यांच्या पेट्यांत आणि कमरेच्या पट्ट्यांत सोनं होतं. जगाला अर्धी फेरी मारून जहाज घरापासून काही तासांवर आलं. २५ ऑक्टोबरच्या रात्री वादळ उठलं आणि २६ च्या पहाटे वेल्सजवळच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर जहाजाचे तुकडे झाले. साधारण साडेचारशे माणसं मेली. किनारा काही हातांवर होता.

त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर १३३ जहाजं बुडाली आणि सुमारे ८०० जीव गेले.

फिट्झरॉयनं काय केलं, तर या वादळाच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांच्या नोंदी ठिकठिकाणाहून मागवल्या. दीपगृहं, जहाजं, वेधशाळा, जिथून मिळतील तिथून. त्या एका नकाशावर मांडल्या. नऊ वाजता इथं दाब इतका, वारं असं, तापमान एवढं, आणि त्याच वेळी तिकडं काय. असे नकाशे ओळीनं ठेवल्यावर चित्र दिसायला लागलं. उत्तरेकडची थंड कोरडी हवा आणि दक्षिणेकडची उबदार दमट हवा एकमेकींना भिडतात, आणि वादळ तिथं जन्मतं. उबदार हवा थंड हवेवर चढली की पाऊस, आणि खाली थंडी पुरेशी असली तर तोच पाऊस बर्फ होऊन पडतो.

पण त्याला नकाशात त्याहून मोठी गोष्ट दिसली. वादळ एका जागी बसत नाही, ते चालतं. आणि चालणाऱ्या वादळापेक्षा तार वेगानं धावते.

तारायंत्र तेव्हा नवीन होतं. वादळ आयर्लंडच्या किनाऱ्यावर दिसलं की तिथून लंडनला तार यायला काही मिनिटं लागणार, आणि तेच वादळ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर पोचायला बरेच तास. मधल्या वेळेत बंदरातल्या जहाजाला थांबवता येईल. आज हे ऐकून कुणाला विशेष वाटणार नाही. १८५९ मध्ये मात्र ही कल्पना पूर्ण नवी नसली तरी सरकारी खर्चानं, देशभर, रोजच्या रोज करणं हे धाडस होतं.

१८६० मध्ये त्यानं किनाऱ्यावर पंधराएक ठिकाणं तारेनं जोडली. रोज सकाळी तिथला माणूस दाब, तापमान, वारं, ढग आणि समुद्राची अवस्था टिपायचा आणि लंडनला तार करायचा. त्याच साली इंग्लंडमध्ये इतिहासातल्या सगळ्यात गारठलेल्या नाताळांपैकी एक नाताळ लोकांनी काढला. आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये फिट्झरॉयनं वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली.

इशारा बंदरावर द्यायचा कसा? अक्षरओळख नसलेल्या मासेमाराला लांबून कळला पाहिजे. त्यानं काठीवर कॅनव्हासचे मोठे आकार टांगायची युक्ती काढली. शंकूचं टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. ढोलासारखा आकार असेल तर वारं एकामागून एक वेगवेगळ्या दिशांनी झोडपणार. ढोल आणि शंकू दोन्ही असतील तर होडीला हातच लावू नका. रात्री त्याच आकारात कंदील.

आपल्याकडं कोकणात पावसाळ्यात बातमी येते बघा, बंदरावर ३ नंबरचा बावटा लावला. तो बावटा याच कल्पनेच्या वंशातला.

ज्या आठवड्यात इशारे सुरू झाले त्याच आठवड्यात, ९ फेब्रुवारी १८६१ ला, ईशान्य किनाऱ्यावर हिवाळी वादळानं थैमान घातलं. व्हिटबी गावची बचाव नौका दिवसभर फुटलेल्या जहाजांवरून माणसं आणत होती. शेवटच्या फेरीत नौका उलटली आणि तिच्यावरच्या तेरा जणांपैकी बारा जण गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत गेले. इशाऱ्याची गरज आहे का, हा प्रश्न त्या किनाऱ्यावर तरी कुणी विचारला नसेल.

पण फिट्झरॉय एवढ्यावर थांबला नाही. रोज सकाळी देशभरातून आकडे येतच होते. मग वादळ नसलेल्या दिवसांचं काय होणार हेही का सांगू नये?

१ ऑगस्ट १८६१. लंडनच्या द टाइम्स पेपरात पहिल्यांदा पुढच्या दोन दिवसांचा हवामान अंदाज छापून आला. मजकूर इतका छोटा की आजच्या मेसेजमध्ये मावेल. उत्तरेत, पश्चिमेत आणि दक्षिणेत वारं कुठल्या दिशेचं आणि किती जोराचं, आणि तिन्हीकडं हवा छान. बास.

या प्रकाराला त्यानं जे नाव दिलं तेही मुद्दाम निवडलेलं. भविष्यवाणी म्हटलं की ज्योतिष आलं. म्हणून त्यानं फोरकास्ट हा शब्द घेतला, म्हणजे आकडेमोड करून काढलेलं शास्त्रीय मत. आज जगभर हवामानासाठी हाच शब्द चालतो.

काम चालायचं असं. सकाळच्या तारा साडेनऊ-दहापर्यंत यायच्या. आकडे दुरुस्त करून तक्त्यावर मांडायचे. मग फिट्झरॉय किंवा त्याचा सहायक ते डोळ्यांसमोर ठेवून, आधीच्या दिवसाशी ताडून, स्कॉटलंड, आयर्लंड, पश्चिम, दक्षिण, पूर्व किनारा असा एकेका भागाचा अंदाज लिहायचा. अकराच्या आसपास तो पेपरांकडं, नौदलाकडं, जहाजांच्या विमावाल्यांकडं रवाना. कॉम्प्युटर नाही, सॅटेलाइट नाही, मदतीला सूत्रंही नाहीत. तासाभरात देशाचं उद्याचं आभाळ सांगायचं.

लोकांना वेड लागलं. पेपर उघडला की आधी अंदाज. सहलीला जायचं, घोड्यांच्या शर्यतीला जायचं, बघ फिट्झरॉय काय म्हणतो. राणी व्हिक्टोरिया समुद्र ओलांडून आइल ऑफ वाइटवरच्या घरी जायची तेव्हा तिची माणसं हवामान विचारायला थेट त्याच्या दारात यायची, असंही सांगतात.

आणि अंदाज चुकले की?

तेच. जे आज होतं तेच.

चुकायला कारणही तसंच होतं. ब्रिटनचं बहुतेक हवामान पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून येतं. तिथं समुद्रात फिट्झरॉयचा तारवाला बसलेला नव्हता. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला येईपर्यंत काय येतंय ते दिसायचंच नाही. आणि हिवाळ्यात तर तापमानात एक-दोन अंशांचा फरक पडला तरी पावसाचा बर्फ होतो आणि बर्फाचा पाऊस. तिथल्या अंदाजवाल्यांना हे आजसुद्धा घाम फोडतं. त्याच्याकडं पंधरा-वीस ठिकाणांचे आकडे होते.

टीका तीन बाजूंनी आली. शास्त्रज्ञ म्हणाले की यामागं सिद्ध झालेला नियम नाही, हा निव्वळ अंदाजपंचे कारभार आहे. संसदेत तारांच्या खर्चावरून प्रश्न आले. आणि तिसरे होते मासेमारी बोटींचे मालक. काठीवर शंकू चढला की खलाशी बोटीवर यायला नकार द्यायचे, बोट बंदरात पडून राहायची आणि मालकाचा दिवस बुडायचा. वादळ आलं नाही की मालक चिडायचे. आलं तर वाचलेल्या माणसांची नोंद कुठल्याच वहीत होत नव्हती.

कहर म्हणजे द टाइम्स. रोज त्याचा अंदाज छापून खपणारा पेपर. १८६४ मध्ये त्यानंच लेख लिहून या अंदाजांच्या चुकांची जबाबदारी आमची नाही असं सांगितलं आणि वर त्यांची टरही उडवली. फिट्झरॉय पत्रं लिहून खुलासे करत राहिला. अंदाज हा सावध करण्यासाठी असतो, हुकूम म्हणून नसतो, हे तो परोपरीनं समजावत होता. १८६३ मध्ये त्यानं द वेदर बुक नावाचं जाड पुस्तकही काढलं होतं, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत. टवाळी थांबली नाही.

त्यात जुन्या जखमा होत्याच. ज्या सफरीचा तो कॅप्टन होता त्याच सफरीतून डार्विननं उत्क्रांतीचा सिद्धांत काढला होता आणि फिट्झरॉय कट्टर धार्मिक. जून १८६० मध्ये ऑक्सफर्डला उत्क्रांतीवर गाजलेला वाद झाला तेव्हा हा तिथं ब्रिटनच्या वादळांवर निबंध वाचायला गेला होता. भर सभेत बायबल उंचावून त्यानं डार्विनच्या पुस्तकाचा निषेध केला. आपणच या माणसाला जहाजात घेतलं, ही बोच त्याला होती. कामातही डावललं गेलं. व्यापार मंडळातलं वरचं पद त्याला हवं होतं, ते मिळालं बीगलवर त्याच्या हाताखाली काम केलेल्या सलिव्हनला.

शरीर थकलं, कानांना कमी ऐकू यायला लागलं, झोप उडाली. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं. त्याला ते जमेना.

३० एप्रिल १८६५, रविवार. लंडनच्या अप्पर नॉरवुडमधल्या घरी फिट्झरॉयनं आपलं आयुष्य संपवलं. वय ५९. ज्या गोष्टीला तो सतराव्या वर्षापासून भीत होता तीच शेवटी झाली.

नंतर कळलं की घरात पैसाच उरला नव्हता. बीगलच्या सफरीपासून सरकारी कामात तो स्वतःच्या खिशातून भर घालत आला होता. त्याच्या बायकामुलांसाठी जुन्या मित्रांनी निधी उभा केला. त्यात डार्विननं १०० पौंड दिले. राणीनं त्याच्या विधवेला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहायला जागा दिली.

मग खात्याची चौकशी करायला समिती बसली. प्रमुख होता फ्रान्सिस गाल्टन, डार्विनचा नात्यातला भाऊ आणि अंदाजांचा जुना टीकाकार. १८६६ मध्ये अहवाल आला की रोजच्या अंदाजांना शास्त्रीय पाया नाही. अंदाज बंद झाले. वर्षअखेरीला वादळाचे इशारेही बंद केले. काठ्यांवरचे शंकू उतरले.

आणि आता ओरडायची पाळी दुसऱ्यांची होती. बंदरांतून, खलाशांकडून, मासेमारांकडून तक्रारी यायला लागल्या. त्यांना शास्त्रीय पाया आहे की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. दहापैकी काही वेळा का होईना, शंकू बघून ते घरी थांबले होते आणि जिवंत होते. वर्षभरातच, १८६७ मध्ये, वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले. पेपरांतले रोजचे अंदाज परत यायला मात्र १८७९ उजाडलं. मजा म्हणजे त्याआधी १ एप्रिल १८७५ ला द टाइम्समध्ये हवामानाचा नकाशा छापून आला होता आणि तो काढला होता त्याच गाल्टननं.

आपल्याकडंही हीच वर्षं महत्त्वाची आहेत. फिट्झरॉय गेला त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळानं हजारो माणसं मारली. पुढं १८६६ चा ओडिशातला दुष्काळ. या तडाख्यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यानं हिमालयात हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाचा पुढच्या मान्सूनशी संबंध लावून १८८० च्या दशकात पावसाचे अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यालाही चुका झेलाव्याच लागल्या.

फिट्झरॉयनं थंड आणि उबदार हवेच्या टकरीचं जे चित्र काढलं होतं, त्याच्याशी फार जुळणारं चित्र पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेच्या बर्गनमधल्या शास्त्रज्ञांनी गणितासकट मांडलं. पेपरात येणाऱ्या नकाशांवर दात असलेल्या निळ्या आणि लाल रेघा असतात, त्या तिथल्या.

ब्रिटनमध्ये आजही रेडिओवर जहाजांसाठी समुद्राचा अंदाज वाचतात. समुद्राचे भाग पाडलेत आणि एकेकाचं नाव घेऊन वारं, पाऊस, दृश्यमानता सांगतात. त्यात स्पेनच्या वायव्येला फिनिस्टेर नावाचा एक भाग होता. स्पेनही जवळच्या दुसऱ्या भागाला तेच नाव वापरायचा, त्यामुळं घोळ व्हायचा. फेब्रुवारी २००२ मध्ये ब्रिटनच्या मेट ऑफिसनं आपल्या भागाचं नाव बदलून फिट्झरॉय ठेवलं.

त्या यादीतल्या बाकीच्या भागांना बेटांची, नद्यांची, वाळूच्या दांड्यांची नावं आहेत. माणसाचं नाव एकच आहे.